फुकट वह्या आणि लोकमान्यनगरचा स्टेशनरीवाला

पोखरणवाली | ८ जून, रात्री १०:४०

गेली चार वर्षं आमच्या सोसायटीतल्या आम्ही सहा बायका आणि दोन निवृत्त काका मिळून जूनमध्ये वह्या वाटतो. आमच्याकडे धुणीभांडी, स्वयंपाक, गाड्या पुसणं अशी कामं करणाऱ्यांची मुलं, बहुतेक ठाण्याच्या लोकमान्यनगर आणि यशोधननगरची. यंदा १४० मुलं, प्रत्येकी सहा वह्या, म्हणजे ८४०, म्हणजे ७० डझन. मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून होलसेलने आणल्या, २८ रुपयांना एक पडली. बाहेर तीच ४० ला मिळते. पहिल्या पानावर 'सप्रेम भेट' आणि खाली सोसायटीचं नाव, असा शिक्का. निम्म्या वह्या मागच्या रविवारी वाटून झाल्या. माझा अंगठा अजून जांभळा आहे.

काल वॉचमनने इंटरकॉमवर सांगितलं, कुणी दुकानदार भेटायला आलाय. खाली गेले तर पस्तिशीचा माणूस, स्कूटरवर पुढे मुलगा उभा. लोकमान्यनगरात त्याचं स्टेशनरीचं दुकान आहे, झेरॉक्स आणि रिचार्जसकट. त्याने पिशवीतून तीन वह्या काढून वॉचमनच्या टेबलावर ठेवल्या आणि एकीचं पहिलं पान उघडलं. 'सप्रेम भेट'.

"ताई, ह्या तुमच्याच ना? एका बाईने मला पंधराला एक अशा विकल्या. मी घेतल्या, खोटं कशाला बोलू. पण माझं वर्षाचं निम्मं गिऱ्हाईक जूनमध्ये असतं. तुम्ही येता, वाटून जाता. मी गाळ्याचं भाडं कशातून भरू?"

आवाज चढवला नाही त्याने, म्हणून जास्त लागलं.

रात्री बसून हिशोब केला. २८ रुपयांची वही त्या बाईच्या हातात १५ रुपये होऊन पोचली. उरलेले १३ दुकानदाराकडे. म्हणजे आम्ही त्याचंच गिऱ्हाईक तोडलं आणि नकळत त्यालाच देणगीही दिली! आमच्या ग्रुपवर आता जुंपली आहे. बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणतात, बाजाराच्या कामात दानाने लुडबुड केली की हे होणारच. दुसरे काका म्हणतात, मग काय दानधर्म बंद करायचा का?

उरलेल्या ७० मुलांच्या ४२० वह्या माझ्या हॉलमध्ये आहेत, अजून शिक्का न मारलेल्या. १५ तारखेला वाटप ठरलंय. काय करावं?

घंटाळीचा गणू | ८ जून, रात्री ११:०२

रोख द्या. २०० रुपये हातावर ठेवा, विषय संपला. त्यांना काय हवं ते तुम्ही का ठरवताय?

माजघर | ८ जून, रात्री ११:१५

गणू, रोख दिले की नवरा घेऊन जातो. आमच्या मावशी दिवाळीचा बोनससुद्धा माझ्याकडेच ठेवायला सांगतात, "ताई, शाळा सुरू होताना द्या" म्हणून. वही नवऱ्याला पिता येत नाही.

घंटाळीचा गणू | ८ जून, रात्री ११:१८

पण पंधराला विकता येते. वर वाचा.

मुक्तछंद | ९ जून, रात्री १२:३०

ताई, तुमच्याकडे झालं ते अर्थशास्त्रात चांगलं माहितीतलं आहे. १९९३ साली जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने कॉलेजच्या मुलांना विचारलं, नाताळात मिळालेल्या वस्तू स्वतः घ्यायच्या असत्या तर किती मोजले असते? देणाऱ्याने मोजले त्यापेक्षा कमी, असं उत्तर आलं. दहावा हिस्सा ते तिसरा हिस्सा किंमत मधल्या मध्ये हवेत. आपल्याला त्यासाठी संशोधन कशाला, दिवाळीतला सोनपापडीचा डबा पुरे. मी पुढे सरकवलेला एक डबा तीन घरं फिरून माझ्याकडेच परत आला होता. कोपऱ्यावरची पेनाची खूण माझीच.

मात्र बाजार म्हणजे स्वार्थ आणि दान म्हणजे त्याचं प्रायश्चित्त, ही वाटणी मला मान्य नाही. खाटीक आणि पाववाला आपलं पोट भरतात ते दया येऊन नव्हे, स्वतःच्या फायद्यासाठी, हे ॲडम स्मिथने १७७६ ला लिहिलं आणि तेवढंच सगळ्यांना पाठ आहे. हाच माणूस १७५९ ला म्हणून गेला होता की मनुष्य कितीही स्वार्थी धरला तरी दुसऱ्याच्या सुखदुःखात त्याचा जीव गुंततोच. आणि तो स्वतः मिळकतीतला बराच भाग गुपचूप वाटायचा. गुप्तदान म्हणतो ना आपण, तेच. बाजार मानणारा माणूस दानाच्या विरोधात नसतो. स्वतःच्या खिशातून द्या, आणि घेणाऱ्याला अक्कल आहे असं धरून द्या, एवढंच त्याचं म्हणणं.

तुमची बाई मूर्ख नाही. तिच्याकडे वह्या जास्त होत्या आणि दुसरं काहीतरी कमी होतं. पंधरा रुपयांत तिने ते तुम्हाला सांगितलं.

दाखलाआणा | ९ जून, सकाळी ७:२०

मुक्तछंद, शेवटचं वाक्य आवडलं. पण ते तिला सांगता आलं कारण आधी तिच्याकडे विकायला वही होती. तीच नसती तर? बाजाराला खिसा वाजला तरच ऐकू येतं.

मी नवी मुंबईत एका ट्रस्टच्या रुग्णालयात समाजसेवा विभागात आहे. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१एए कलमाखाली अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने योजना घालून दिली, तेव्हापासून बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत वेगळी काढायची असते. लोक याला दान म्हणतात. मी म्हणत नाही. ट्रस्ट म्हणून ज्या सवलती घेतल्या त्याचा तो मोबदला आहे.

गेल्या महिन्यात दिव्याहून एक बाई आली. साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, तहसीलदाराचा दाखला, आणि सगळं भिजू नये म्हणून वर दुधाच्या दोन पिशव्या. माझ्या केबिनच्या बाहेर चपला काढल्या तिने. म्हटलं, मावशी, हा तुमचा हक्क आहे. तर तिने हात जोडले. याआधी एका मोठ्या ठिकाणी तिला "धर्मादायच्या खाटा भरल्यात" म्हणून दोनदा परत पाठवलं होतं.

तिला अक्कल होती. बाजारात उभं राहायला पैसा नव्हता.

ऐरोलीचा आयटीवाला | ९ जून, सकाळी ९:०५

वाचतोय. अवांतर: आमच्या कंपनीत दर जुलैत सीएसआर, म्हणजे कंपनीचं समाजकार्य, म्हणून येऊरच्या डोंगरावर झाडं लावायला नेतात. टी-शर्ट, टोपी, बस, नाश्ता, ड्रोनने फोटो. मागच्या वर्षी मी सहज विचारलं, रोपं कितीची? टी-शर्टपेक्षा स्वस्त निघाली. यंदा त्याच खड्ड्यांत पुन्हा लावणार आहोत. (दिवा घ्या, म्हणजे गंमत म्हणून वाचा)

जमाखर्च | ९ जून, सकाळी ११:४०

आयटीवाले, त्यात तुमच्या कंपनीचं औदार्य किती आणि कायदा किती ते सांगतो. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे. १ एप्रिल २०१४ पासून लागू. सुरुवातीला "खर्च का केला नाही ते लिहा" एवढंच होतं, २०२१ पासून न खर्चलेली रक्कम ठरावीक खात्यात नाहीतर निधीत भरावीच लागते. आता याला दान म्हणायचं की कर, तुम्हीच ठरवा. मी करच म्हणतो. फक्त हा कर भरताना फोटो काढता येतो.

शिकागो विद्यापीठातल्या मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात लिहिलं होतं की कंपनीचा नफा वाढवणं हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी. त्यावरून त्याला अजून शिव्या पडतात. त्याचा मुद्दा मला साधा वाटतो: मॅनेजर जेव्हा कंपनीच्या पैशाने दानधर्म करतो, तेव्हा तो भागधारकाच्या, गिऱ्हाइकाच्या नाहीतर कामगाराच्या पैशाने पुण्य कमावतो. ज्याला द्यायचंय त्याने लाभांश घ्यावा आणि स्वतःच्या नावाने द्यावं. आणि गणू, हाच फ्रीडमन १९६२ ला सांगत होता की गरिबाला दहा योजनांऐवजी सरळ रोख द्या. तुम्ही नकळत शिकागोच्या बाजूने बोललात.

दानाची किंमतही असते बरं का. जुन्या करपद्धतीत ३० टक्क्यांच्या पट्ट्यातल्या माणसाने प्राप्तिकराच्या ८०जी कलमाखाली ५० टक्के वजावट मिळणाऱ्या संस्थेला १०० रुपये दिले तर त्याला ते ८५ ला पडायचे. नव्या पद्धतीत ही वजावट नाही, शंभराचे शंभर. आणि २०२३-२४ पासून आपण काही कळवलं नाही तर नवीच पद्धत लागू होते. मी एका छोट्या संस्थेचे हिशोब बघतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात "साहेब, पावती फाडा" म्हणून जे फोन यायचे, ते आता विरळ झालेत. तरीही जे देतात, त्यांना मी मनातून नमस्कार करतो.

घंटाळीचा गणू | ९ जून, सकाळी ११:५२

शिकागो काय नि शहापूर काय, रोख ते रोख.

तुर्भे गाळा | ९ जून, दुपारी ३:१५

माल उतरून झाला, आता निवांत लिहितो.

तुम्ही सगळे बाजार एकीकडे आणि दान एकीकडे धरून बोलताय. आमच्यात ते एकाच पट्टीवर, म्हणजे बिलावर, असायचं. वडिलांची गादी मुंबईत मस्जिद बंदरला होती, घाऊक बाजार वाशीला यायच्या आधी. बिलात मालाची किंमत, हमाली, तोलाई, आणि खाली एक ओळ 'धर्मादा'. पोत्यामागे काही पैसे. गिऱ्हाईक घासाघीस भावावर करायचं, त्या ओळीवर कधी नाही. साठलेले पैसे पांजरपोळ, धर्मशाळा, पाणपोईला. ज्या साली धंदा जोरात, त्या साली धर्मादाही जोरात.

आता यातली गंमत. देत होतं गिऱ्हाईक, आणि धर्मशाळेच्या दगडावर नाव शेटजींचं! शिवाय काही गाद्यांवर धर्मादा वर्षानुवर्षं गल्ल्यातच फिरायचा, बिनव्याजी भांडवल. म्हणून १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात कलम ५४ आलं. असा गोळा केलेला पैसा व्यापाऱ्याचा नाही, तो त्याचा नुसता विश्वस्त, आणि हिशोब धर्मादाय आयुक्ताला द्यायचा. जमाखर्चसाहेब, तुमच्या सीएसआरचं हे आजोबा. फ्रीडमनचा मुद्दा आमच्या मुनीमजींना त्याच्याआधी कळलेला असणार, फक्त उलट्या बाजूने.

दुसरी गोष्ट. पाठीवर शंभर किलोची गोण घेणाऱ्या माणसाला शेटजी दिवाळीला धोतर आणि मिठाई देत. तो वाकून नमस्कार करी. अण्णासाहेब पाटलांनी या हमालांची, माथाडींची, संघटना बांधली आणि १९६९ ला माथाडी कायदा झाला. मजुरीवर लेव्ही, ती मालकाने माथाडी मंडळात भरायची, त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना. धोतर बंद झालं. मला आठवतंय, वडील कुरकुरले होते, "आता यांना आपली गरज नाही." बरोबर होतं त्यांचं. म्हणूनच कुरकुरले.

दाखलाआणा | ९ जून, दुपारी ३:४०

गाळेवाले, शेवटच्या परिच्छेदाला +१.

मुक्तछंद | ९ जून, संध्याकाळी ६:१०

काका, लेखन झकास. पण त्याच माथाडी व्यवस्थेत आज नको तिथे वसुली होते म्हणून कारखानदार ओरडतात, हेही लिहा की.

तुर्भे गाळा | ९ जून, रात्री ९:००

ओरडतात, आणि काही ठिकाणी खरं ओरडतात. दुसरा धागा काढा, तिथे भांडू.

माजघर | १० जून, सकाळी १०:३०

अवांतर होतंय, पण सोनपापडीवरून आठवलं. नौपाड्यात अजून आमची बोहारीण येते. जुन्या कपड्यांवर स्टीलचा डबा. काय ती घासाघीस! साडी उलगडणार, उजेडाला धरणार, "ताई, किनार विरलीय, अजून दोन पँट टाका." मी तिच्यासमोर फाटकी वस्तू ठेवायची हिंमत करत नाही. पण हेच कपडे 'गरिबांना' द्यायचे म्हटलं की चेन तुटलेल्या पँटीही गाठोड्यात जातात. धर्माची गाय, दात का गं नाहीत!

सांगलीचा ठाणेकर | १० जून, सकाळी ११:१५

माजघरताई, नेमकं बोललात. २०१९ च्या पुरात आम्ही कळव्याहून टेम्पो घेऊन गेलो होतो. गावाच्या वेशीवर कपड्यांचा ढीग, वरून पाऊस. त्यात मी स्वतः पाहिलेली वस्तू: जरीची शेरवानी, एकच बाही. गावकऱ्यांना हवे होते खराटे, फिनेल आणि अंथरुणं. आमच्या टेम्पोतही निम्मे कपडेच होते, सांगायला लाज वाटते.

'गूंज' ही संस्था अंशू गुप्तांनी १९९९ ला काढली, २०१५ ला त्यांना मॅगसेसे मिळालं. तिथे कपडा फुकट देत नाहीत. गावाने आपलं काम ठरवायचं, विहीर, बंधारा, रस्ता, आणि श्रमाच्या बदल्यात कपडा घ्यायचा. बोहारणीचंच तत्त्व म्हणा ना.

कावेरीकाठ | १० जून, दुपारी १:००

थांबा, थांबा. किंमत लावली की मान राहतो, कदर होते, हे ऐकायला फार गोड आहे. मी खारघरला सार्वजनिक आरोग्यात काम करते, आमच्यात हा वाद जुना आहे.

केनियात गरोदर बायकांना मलेरियासाठी मच्छरदाण्या द्यायच्या होत्या. एक गट म्हणायचा, फुकट दिल्या तर मासे पकडायला वापरतील, थोडी किंमत लावा. जेसिका कोहेन आणि पास्कालिन द्यूपा यांनी वेगवेगळ्या दवाखान्यांत वेगवेगळी किंमत ठेवून पाहिलं, २०१० ला ते छापून आलं. किंमत शून्यावरून ६० सेंटवर नेल्यावर घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के अंकांनी पडलं. आणि ज्यांना फुकट मिळाली त्यांनीही तेवढीच वापरली. कदर-बिदर सगळं देणाऱ्याच्या मनात.

म्हणून माझा नियम: जे एकाने वापरलं तर शेजाऱ्यालाही फायदा, लस, मच्छरदाणी, ते फुकट. तिथे किंमत लावून धडा शिकवायला जाऊ नका. वह्यांचं तसं नाही. वहीचा फायदा त्या मुलापुरता, आणि वही विकणारा माणूस वस्तीतच बसलाय.

खडी ७२ | १० जून, संध्याकाळी ७:४५

मी फारसं लिहीत नाही, मुलगी टाइप करून देते आहे.

माझं गाव माण तालुक्यात. ७२ च्या दुष्काळात मी १६ वर्षांचा. आधी सुकडी आली, मदतीचं कोरडं भरड खाणं. लोखंडी पिंपातून वाटायचे. पोट भरायचं, पण रांगेत उभं राहताना पाटलाचा पोरगा आणि मी एकमेकांकडे बघायचो नाही. मग खडीचं काम निघालं. हातोडीने दगड फोडायचा, घमेल्याने मोजून द्यायचा, आठवड्याने पगार. आईच्या हातात पहिला पगार आला त्या दिवशी ती बाजारला गेली आणि अर्धा किलो गूळ घेऊन आली. गुळाची काही गरज नव्हती.

रेशनला तांबडा मिलो, परदेशी ज्वारी, मिळायचा. त्याशिवाय जी ज्वारी होती ती व्यापारी कुठून कुठून आणायचा. चढ्या भावाने विकायचा, पण आणायचा, कारण आमच्या हातात मजुरी पडते हे त्याला कळलं होतं. पुढे वागळे इस्टेटला कारखान्यात लागलो. युनियनच्या वर्गात एका मास्तरांनी सांगितलं की मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामावर होती, आणि त्यातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. १९४३ ला बंगालात लाखो मेले तेव्हाही धान्य अगदीच नव्हतं असं नाही, मजुराच्या हातात ते घ्यायला पैसा नव्हता, हे अमर्त्य सेनांनी मांडलं, हेही त्यांनीच सांगितलं. मला ते ऐकून आई आणि गूळ आठवला.

वह्या द्या, रोख द्या, मला कळत नाही. पण सुकडीची आठवण काढली की चव आठवत नाही, रांग आठवते.

पोखरणवाली | १० जून, रात्री ११:२०

काका, तुमचा प्रतिसाद मी आमच्या ग्रुपवर मोठ्याने वाचून दाखवला. आमच्याकडे वाटपाला रांग असते. आणि मी मुलांना "थँक्यू म्हणा" म्हणते.

परदेशस्थ पाचपाखाडी | ११ जून, पहाटे ३:५०

इथे दुपार आहे. एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेत फूड बँकांची, म्हणजे गरजूंना अन्न देणाऱ्या संस्थांची, देशभराची एक संघटना आहे. कंपन्यांकडून आलेलं अन्न ती शेकडो ठिकाणी वाटते. आधी पद्धत अशी: तुमचा नंबर आला की फोन, ट्रकभर अमुक आहे, घेता का? कधी बटाट्याच्या आयडाहोलाच बटाटे. नाही म्हणालात तर नंबर गेला.

२००५ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांना घेऊन त्यांनी चक्क लिलाव सुरू केला. पैसा खोटा, 'शेअर' नावाचा. ज्या भागात गरिबी जास्त त्यांना शेअर जास्त. दिवसातून दोनदा बोली. दिवसभरात खर्च झालेले शेअर रात्री पुन्हा सगळ्यांत वाटायचे, म्हणजे कुणी कायमचा श्रीमंत होत नाही. मिशिगनचा एक फूड बँकवाला भर बैठकीत म्हणाला होता, मी समाजवादी आहे, बाजारावर माझा विश्वास असता तर या कामात कशाला आलो असतो! पुढे तोच या पद्धतीचा समर्थक झाला. सगळ्यात महाग गेलं न्याहारीचं सीरियल, कॉर्नफ्लेक्ससारखं, कारण ते टिकतं. ताज्या भाज्या मातीमोल, कारण त्या स्थानिक शेतकऱ्यांकडून मिळतच होत्या. वाटणाऱ्या मुख्य कार्यालयाला हे वर्षानुवर्षं माहीत नव्हतं.

म्हणजे बाजार हवा, पण प्रत्येकाच्या खिशात आधी काहीतरी टाकून. मुक्तछंद आणि दाखलाआणा दोघंही जिंकले, आता चहा प्या.

दाखलाआणा | ११ जून, सकाळी ७:३०

चहा मुक्तछंद पाजतील. स्वतःच्या खिशातून.

जमाखर्च | ११ जून, सकाळी १०:००

पोखरणवाली, व्यवहारी सूचना. हॉलमधल्या ४२० वह्या शिक्का न मारता त्या दुकानदारालाच तुमच्या खरेदीच्या भावाने द्या: ११,७६० रुपये. त्यात २,२४० घाला, १४,००० होतात. ७० मुलांना २०० ची कूपनं, चालणार फक्त त्याच्या दुकानात. महिनाअखेर कूपनं मोजून पैसे द्यायचे. तोटा एकच, पण आधीच सांगतो: ४० च्या भावाने २०० त सहाऐवजी पाचच वह्या येतील. निवड पाहिजे तर तिची किंमत एक वही.

माजघर | ११ जून, सकाळी १०:२०

आणि एकच दुकान का? त्याने भाव वाढवले तर? अजून एक दुकान घाला.

मुक्तछंद | ११ जून, सकाळी १०:२५

माजघरताई, तुम्ही आमच्या पक्षात या.

पोखरणवाली | २२ जून, रात्री ९:१५

उशिरा लिहितेय, आठवडा धावपळीचा गेला.

कूपनं केली. दोन दुकानं ठेवली. पहिला दुकानदार आधी नाराज झाला, "दुसरा कशाला, ताई?" मग स्वतःच वही ३८ ला केली. त्यामुळे ४२० वह्या २८ ने घ्यायला का-कू करत होता, त्या २७ ने घेतल्या. रांग नव्हती. कूपन आईच्या हातात तिच्या कामाच्या वेळेलाच दिलं, लिफाफ्यात.

७० पैकी ६६ आतापर्यंत वटली. दोन्ही दुकानदारांनी वहीत लिहून ठेवलंय काय गेलं ते, मी मुद्दाम विनंती केली होती. वह्या सगळ्यात जास्त, पण निम्म्याहून थोड्याच. बाकी कंपासपेटी, कव्हरचा ब्राऊन पेपर, रंगपेटी, डब्याची पिशवी, आणि नकाशावही, जी आम्हाला चार वर्षांत सुचली नव्हती. एकीने तीन महिन्यांची उधारी फेडली. एकीने सगळं कूपन दहावीच्या मुलीसाठी झेरॉक्सवर घातलं, कुणाच्या तरी क्लासच्या नोट्स.

आणि आता गणूने हसावं. पाच कूपनं १६० रुपये रोख घेऊन वटली. आमचे बँकवाले काका, ज्यांनी बाजाराचं लेक्चर दिलं होतं, तेच सगळ्यात जास्त भडकले! "ही फसवणूक आहे, यादीतून नावं काढा." मी त्यातल्या एकीला ओळखते, आमच्याच मजल्यावर काम करते. विचारायचं नाही ठरवलं होतं, तरी तोंडातून गेलंच. म्हणाली, "ताई, वह्या त्याला शाळेतून मिळाल्या. रेनकोट नव्हता." मग जरा थांबून, "ते चाळीस दुकानवाल्याने कापले ते तुम्ही बघा."

घंटाळीचा गणू | २२ जून, रात्री ९:१८

हसलो नाही. पण २८ चे १५ आणि २०० चे १६०, फरक बघा. रोख दिले असते तर २०० चे २००.

माजघर | २२ जून, रात्री ९:३०

आणि बाकीच्या ६१ मध्ये किती घरी नवरे असतील, तेही बघ रे.

कावेरीकाठ | २२ जून, रात्री १०:०५

२,२४० मध्ये भागलं का?

पोखरणवाली | २२ जून, रात्री १०:२०

वह्या २७ ने गेल्यामुळे ४२० रुपये अजून घालावे लागले. बँकवाल्या काकांनीच घातले, यादीतून नावं काढायच्या अटीवर नव्हे, पावती मागितली फक्त.

सांगलीचा ठाणेकर | २३ जून, सकाळी ८:४०

आमच्या कळव्याच्या मंडळाला गणपतीनंतर असं काही करायचंय. कूपनचा नमुना मिळेल का?

पोखरणवाली | २३ जून, दुपारी २:१०

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मागच्या बाजूला दुकानाचा शिक्का मारायला जागा सोडा, आम्ही विसरलो होतो. आणि समोर 'सप्रेम भेट' छापलंय ते काढून टाका, तिथे रक्कम मोठ्या अक्षरात येऊ दे. दोन बायकांना चष्मा नव्हता, त्यांनी दुकानदाराला विचारलं हे कितीचं आहे म्हणून.